इंजेक्शन वेगळं, गोळी वेगळी: गोसेरेलिन आणि लेट्रोझोल

स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलाय, गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर पोसणारी आहे आणि पाळी अजून गेलेली नाही, अशा बाईच्या कागदावर बरेचदा ही दोन नावं शेजारी-शेजारी असतात. घरात दोन्हींना ‘हार्मोनचं औषध’च म्हणतात. मग इंजेक्शन लांबलं तरी ‘गोळी चालू आहे ना’ म्हणून वेळ मारून नेली जाते. हे चालत नाही.

गोसेरेलिनचं इंजेक्शन अंडाशय बंद पाडतं. 3.6 मिलिग्रॅम, दर 28 दिवसांनी, बेंबीच्या खाली कातडीच्या आत. औषध पातळ नसतं, तांदळाच्या दाण्याएवढी कांडी असते, म्हणून सुई जाड. कांडी विरघळत राहते आणि पिट्यूटरीला, म्हणजे अंडाशयाला हुकूम देणाऱ्या मेंदूतळाच्या ग्रंथीला, सतत डिवचत राहते. सुरुवातीला त्यामुळे इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उलट वाढतं. आजार हाडांत असेल तर दुखणंही थोडे दिवस वाढू शकतं. मग पिट्यूटरी दाद देणं सोडते आणि साधारण तीन आठवड्यांत अंडाशय थंडावतात.

लेट्रोझोलची गोळी, रोज 2.5 मिलिग्रॅम, अरोमाटेज हे इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम अडवते. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात जे थोडंफार इस्ट्रोजेन चरबीत वगैरे बनतं, त्याला ती पुरून उरते. चालत्या अंडाशयापुढे मात्र तिची मात्रा चालत नाही. इस्ट्रोजेन जरा घटलं की पिट्यूटरी एफएसएच हे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन वाढवून अंडाशयाला पुन्हा कामाला जुंपते. वंध्यत्वाच्या उपचारात हीच गोळी पाच दिवस देतात, ती अंडं पिकवायला! टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या औषधाचं तसं नाही. ते इस्ट्रोजेनची जागाच अडवतं, म्हणून पाळी चालू असतानाही काम करतं.

28 दिवस म्हणजे महिना नव्हे. 1 जूननंतरचं इंजेक्शन 29 जूनला. ‘दर एक तारखेला’ गेलात तर वर्षात 13 ऐवजी 12च होतात.

केमोने पाळी थांबली म्हणजे अंडाशय बंद झाले असंही नाही. उपचार चालू असताना रक्तस्राव दिसला तर लगेच कळवा. डॉक्टर रक्तातलं एस्ट्राडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) तपासतात, पण इतक्या कमी पातळीला नेहमीची चाचणी फसते. मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे जास्त अचूक पद्धतीची, चाचणी मागावी. गर्भ राहू नये म्हणून कॉपर-टी किंवा निरोध. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोतच.

तारखा सांभाळणं जमत नसेल तर दुर्बिणीने दोन्ही अंडाशय काढता येतात, कायमचे. ग्लासगोचे सर्जन बीटसन यांनी 1895 मध्ये अंडाशय काढण्याचीच वाट धरली होती. अंडाशय काढल्यावर इंजेक्शन सुटतं, गोळी रोज चालूच.