झडप जुनी झाली, की झडपेला जंतू लागले?

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हा हृदयदोष घेऊन जन्मलेल्या मुलाचं ऑपरेशन लहानपणीच होतं. पुढे यातल्या बऱ्याच जणांना हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर नवी झडप लागते. २००० साली हृदयरोगतज्ज्ञ फिलिप बोनहोफर यांनी पॅरिसमध्ये छाती न उघडता, कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, अशी पहिली झडप बसवली. ती गोवंशाच्या मानेतल्या शिरेपासून केलेली होती.

या झडपा जन्मभर पुरत नाहीत. कॅल्शियम साठतं, झडपेचे पडदे ताठरतात, वाट अरुंद होते. मग इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक, वाढलेला दिसतो. घोळ असा की एंडोकार्डायटिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गातही, नेमका हाच आकडा वाढू शकतो. जंतू आणि रक्त गोठवणारे प्लेटलेट, फायब्रिन यांचा थर पडद्यांवर चढून वाट बुजवतो. शिवाय या जागची झडप इकोत नीट दिसणं अवघड. त्यामुळे 'इकोत काही आलं नाही' एवढ्यावर निर्धास्त होणं मला तरी पटत नाही.

फरक ओळखायचा तो आधी वेगावरून. जुनी होणारी झडप वर्षांच्या हिशेबाने दगा देते. मागच्या जिन्याला न लागलेली धाप यंदा लागते. संसर्ग दिवसांत, आठवड्यांत बिघाड करतो. सोबत ताप, हुडहुडी, रात्रीचा घाम, मेलेली भूक. कधी मात्र अंग नुसतं कसकसतं. झडपेवरचे कण सुटून फुप्फुसात गेले की खोकला येतो, छातीत दुखतं आणि सगळे न्यूमोनिया समजून बसतात.

निकालाला सगळ्यात मोठा आधार ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायच्या तपासणीचा. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी, वेगवेगळ्या जागी सुई टोचून, साधारण तीन संच घ्यायचे. आपल्याकडे गाडी इथेच अडते. ताप आला की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, तीन दिवसांत बरं वाटलं की सोडायच्या. झडपेवरचे जंतू तेवढ्याने मरत नाहीत, पण कल्चरच्या बाटलीत उगवतही नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि दोष पुन्हा झडपेच्या वयावर जातो.

उपचारांच्या वाटा तर पार वेगळ्या. जुन्या झडपेच्या आत बऱ्याचदा कॅथेटरने दुसरी झडप बसवता येते. संसर्ग असेल तर साधारण सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून झडप काढणं. संसर्ग अंगात असेपर्यंत झडपेत झडप बसवायचा मार्ग बंदच.