बाराबोर म्हणजे बारा बार नव्हेत

खानापूरकडे रानडुकरांपासून भात राखायला कुणाकुणाच्या घरी परवान्याची एकनळी बाराबोर बंदूक असते. 'बारा' म्हणजे बारा बार, असं आमच्याकडे अजून छातीठोकपणे सांगतात. ते साफ चूक आहे. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्या. असे बारा मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम भरतात. हे माप त्यावरून आलं. नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. एकनळीत काडतूस एकच: बार झाला की बंदूक बिजागरीवर मोडून उघडायची, रिकामं टरफल काढायचं, नवं भरायचं. पडद्यावर छर्रे लागलेला माणूस उडून भिंतीवर आपटतो, तेही खोटंच. तेवढा धक्का असता तर चाप ओढणाराही तसाच मागे फेकला गेला असता.