सेल्फ न उचलण्यामागचा इतिहास

डिसेंबरातल्या सकाळी गाडीचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारा विजेवरचा स्टार्टर) उचलला नाही की मराठवाड्यात दोष हमखास थंडीवर ढकलला जातो. मात्र गाडी सुरू होणे सर्वस्वी बॅटरीच्या हाती कधीपासून गेले, हे पाहिल्यावर थंडीचा वाटा बराच कमी भरतो.

सुरुवातीच्या मोटारी पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत आणि ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटा झटका देऊन मनगट मोडत असे. अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत बसवला गेला आणि माणसाच्या दंडावरचे काम बॅटरीकडे आले. शिसे व आम्ल यांची ही बॅटरी तेव्हाही नवी नव्हती. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती 1859 मध्येच तयार केली होती.

आपल्याकडे अँबॅसडरसोबत हँडल पुढेही बरीच वर्षे टिकले, त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी अडून राहत नसे. त्या काळातली खरी डोकेदुखी निराळी होती. प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळत आणि ते पॉलिश पेपरने घासावे लागत. थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावे म्हणून ओढायचा चोक जास्त वेळ ओढला की प्लग पेट्रोलने ओले होत. ऐन उन्हात इंजिनालगतच्या इंधन-पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठाच तुटे, तेव्हा चालक पंपावर ओले फडके टाकून सावलीत थांबत. 2000 च्या सुमारास उत्सर्जनाचे नियम कडक झाले, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जागी संगणक-नियंत्रित इंजेक्शन आले आणि यांतली बहुतेक दुखणी गेली. नवी आली ती सेन्सरची, इमोबिलायझरची (योग्य चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगची.

बॅटरी मात्र तशीच राहिली, आणि तिचा खरा वैरी उन्हाळा आहे. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांपर्यंत जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी वर, आणि त्या उष्णतेने बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांची झीज वेगाने होते. गरम इंजिन सहज फिरत असल्याने ही झीज तेव्हा जाणवत नाही. परभणीचा पारा दहाच्या खाली उतरला की ऑइल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकी तेव्हाच शंभराहून अधिक अँपिअरची मागणी होते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास आलेली बॅटरी दिवे लावते, पण चावी फिरवताच नुसती टकटक ऐकू येते. अशी टकटक आली तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची (वायर जोडण्याच्या टोकांवरची) पांढरी-हिरवट भुकटी साफ करून वायरचा क्लॅम्प आवळून पाहावा. इंजिन जोमात फिरूनही पेट घेत नसेल, तर शोध इंधनाच्या किंवा ठिणगीच्या बाजूने घ्यावा लागतो.

पाणी भरावे लागणाऱ्या बॅटरीत डिस्टिल्ड पाण्याऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, तसे ते पुन्हा-पुन्हा ओतले जाते आणि दर वेळी त्यातले क्षार आत साचून प्लेटांचे आयुष्य घटते.