स्टेपर मोटरची ताकद वेगात मोजावी

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारी, यंत्रे आता नवी राहिलेली नाहीत. फौंड्र्या, त्यांच्या कास्टिंगवर मशिनिंग करून देणारी वर्कशॉप आणि त्यांना लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) पुरवणारे कारागीर अशी साखळी या शहरात कित्येक वर्षांपासून आहे. या साखळीतल्या लहान कारागिराला, म्हणजे पॅटर्नमेकरला, खानापूरकडच्या लाकूडकाम करणाऱ्या सुताराला किंवा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत नामफलक कोरणाऱ्याला, दोन बाय दोन फुटांचा सीएनसी राऊटर (कापण्या-कोरण्याचे यंत्र) आपल्याच शेडमध्ये उभा करावासा वाटू लागला आहे. चौकट वेल्डिंग करणारे, मिलिंग करून देणारे, बेअरिंगचे घर अचूक बोअर करणारे हात इथे भरपूर आहेत, त्यामुळे यंत्राचा सांगाडा सहसा चांगलाच होतो. काम अडते ते यंत्र सरकवणाऱ्या स्टेपर मोटरपाशी (ही मोटर ठरावीक लहान पायऱ्यांनी फिरते), कारण मोटर बहुतेकदा एकच आकडा पाहून घेतली जाते: किती किलो-सेंटीमीटरची आहे?

हा आकडा होल्डिंग टॉर्कचा असतो; टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. मोटर जागेवर थांबलेली आणि कॉइलमध्ये पूर्ण प्रवाह असताना शाफ्ट किती जोर सहन करील, एवढेच तो सांगतो. यंत्र मात्र चालताना काम करते, आणि वेग वाढला की स्टेपर मोटरचा टॉर्क झपाट्याने उतरतो. मोटरची निवड, तिच्या वायरची जोडणी आणि पॉवर सप्लायचे व्होल्टेज हे तिन्ही निर्णय या उतरण्याशी बांधलेले असल्याने ते वेगवेगळे घेता येत नाहीत.

आपल्या बाजारात मिळणारी नेहमीची स्टेपर मोटर हायब्रिड प्रकारची असते. तिच्या रोटरमध्ये एक कायम चुंबक असतो आणि त्याच्या दोन टोकांना प्रत्येकी ५० दात्यांच्या टोप्या अर्ध्या दात्याच्या फरकाने बसवलेल्या असतात. दोन फेजमधील (कॉइलच्या दोन गटांतील) प्रवाह ठरावीक क्रमाने उलटसुलट केला की चार पायऱ्यांत रोटर एक दाता पुढे सरकतो. म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी १.८ अंशांची. नेमा १७ किंवा नेमा २३ हे क्रमांक ताकदीचे नसून मोटरच्या चौकोनी तोंडाची रुंदी इंचाच्या दशांशात सांगतात: १७ म्हणजे सुमारे ४२ मिलिमीटर आणि २३ म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. नेमा २३ मध्ये आखूड मोटरही असते आणि तिच्या दुप्पट लांबीची व जोराचीही असते.

मग आपल्याला जोर किती हवा? समजा १६ मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे नेणारा बॉल स्क्रू (गोळ्यांवर फिरणारा स्क्रू) आहे आणि लाकूड किंवा ॲल्युमिनियम कापताना घर्षणासह २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका, रेटा लागतो. रेटा गुणिले फेऱ्यातील सरक, भागिले (२π गुणिले स्क्रूची कार्यक्षमता), असे हे गणित आहे. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ०.१८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. स्क्रू आणि रोटर यांना वेग देण्यासाठी लागणारा टॉर्क या आकाराच्या यंत्रात आणखी ०.०५ च्या आसपास असतो. सुरक्षिततेसाठी बेरीज दुप्पट केली तरी अर्धा न्यूटन-मीटर पुरे होतो. बाजारात सहज मिळणारी १८.९ किलो-सेंटीमीटरची नेमा २३ मोटर १.८५ न्यूटन-मीटर होल्डिंग टॉर्क देते. कागदावर ती गरजेच्या जवळजवळ चौपट आहे, तरीही तशीच मोटर एका यंत्रावर सुरळीत धावते आणि दुसऱ्यावर मध्येच किंचाळून थांबते. याचे कारण इंडक्टन्समध्ये, म्हणजे प्रवाहातील बदलाला कॉइल जो विरोध करते त्यात, आहे.

कॉइलमधील प्रवाह बदलायला वेळ लागतो आणि इंडक्टन्स जितका जास्त तितका हा वेळ जास्त. मोटर मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, म्हणजे आपला स्क्रू मिनिटाला ३००० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक कॉइलमधील प्रवाहाची सेकंदाला ५०० आवर्तने पुरी व्हावी लागतात. कॉइलचा इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री आणि प्रवाह ४ अँपिअर असेल, तर तेवढ्या आवर्तनांना केवळ इंडक्टन्सवर मात करण्यासाठी सुमारे ३१ व्होल्ट लागतात. तीच मोटर १० मिलिहेन्री आणि २ अँपिअरची असेल तर ६३ व्होल्ट लागतात. त्याखेरीज फिरणारा रोटर स्वतः जो विरोधी दाब निर्माण करतो, त्याच्यासाठी वेगळे व्होल्टेज हवे. दोन्ही मोटरींचा होल्डिंग टॉर्क अगदी सारखा असतो. ३६ व्होल्टच्या सप्लायवर मात्र पहिलीचा टॉर्क या वेगाला थोडाच उतरतो, तर दुसरीच्या कॉइलमध्ये अर्धा प्रवाहदेखील पोहोचत नाही. म्हणून विकत घेताना डेटाशीटवरील इंडक्टन्स आधी पाहावा. तीन-चार मिलिहेन्रीच्या आतली मोटर या कामाला योग्य, आणि विक्रेत्याकडे टॉर्क-वेगाचा आलेख असेल तर तो कोणत्या व्होल्टेजला काढला आहे हेही वाचावे. भीतीपोटी गरजेपेक्षा खूप मोठी मोटर घेण्याने रोटरचे जडत्व आणि बहुधा इंडक्टन्सही वाढतो, आणि यंत्र उलट मंदावते.

वर सांगितलेल्या दोन मोटरी प्रत्यक्षात आठ वायरची एकच मोटर असू शकते. तिच्या प्रत्येक फेजची कॉइल दोन अर्ध्यांत विभागलेली असते. ते अर्धे समांतर जोडले तर २.५ मिलिहेन्री आणि ४ अँपिअर, एकामागोमाग एक जोडले तर १० मिलिहेन्री आणि २ अँपिअर. राऊटरसाठी समांतर जोडणीच करावी, मात्र दोन्ही अर्ध्यांची सुरुवातीची टोके डेटाशीटप्रमाणे एकत्र यायला हवीत. एक अर्धा उलटा जोडला गेला तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि मोटर निर्जीव पडते. भंगारातल्या जुन्या प्रिंटरमधून बऱ्याचदा सहा वायरच्या मोटरी निघतात. त्यांत प्रत्येक फेजची मधली वायर मोकळी सोडून तिच्यावर टेप गुंडाळावी आणि फक्त टोकाच्या वायर वापराव्यात. टोक ते टोक रोध हा टोक ते मध्य रोधाच्या दुप्पट भरतो, त्यावरून मधली वायर ओळखता येते.

चार वायरच्या मोटरीत रंगांवर विसंबू नये, कारण ते उत्पादकागणिक बदलतात. कोणत्याही दोन वायरची उघडी टोके एकमेकांना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवावा. तो एकदम जड झाला तर त्या दोन वायर एकाच कॉइलच्या आहेत. मल्टिमीटरही हेच सांगतो, पण मीटर हाताशी नसताना ही पारख खात्रीची आहे. एक जोडी ए फेजला आणि दुसरी बी फेजला लावावी. मोटर उलटी फिरली तर फक्त एका जोडीतील दोन वायरची अदलाबदल करावी. मोटर न फिरता नुसती थरथरत गुणगुणत असेल तर जोड्या मिसळल्या आहेत. गँट्रीच्या (कापणारे हत्यार वाहणाऱ्या आडव्या पुलाच्या) दोन बाजूंना दोन मोटरी असतील तर दोन स्वतंत्र ड्रायव्हरना (मोटरला प्रवाह पुरवणाऱ्या बोर्डांना) एकच पल्स, म्हणजे पायरी सरकण्याचा विद्युत इशारा, द्यावी, आणि समोरासमोर बसलेल्या मोटरींपैकी एकीची जोडी उलटावी.

ड्रायव्हर म्हणून ए ४९८८ हा चिमुकला बोर्ड नेमा १७ पर्यंत ठीक आहे. नेमा २३ साठी डीएम ५४२ सारखा २० ते ५० व्होल्टवर चालणारा ड्रायव्हर घ्यावा आणि त्याला ३६ व्होल्टचा सप्लाय द्यावा. मोटरवर ३ किंवा ४ व्होल्ट लिहिलेले असते ते पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण ड्रायव्हर प्रवाह ठरावीक मर्यादेवर सतत छाटत राहतो. ५० व्होल्टच्या काठावर जाऊ नये, कारण मोटर झटक्यात थांबताना सप्लायकडे ऊर्जा परत येते आणि व्होल्टेज क्षणभर वर उसळते. ४ अँपिअरच्या तीन मोटरींना ३६ व्होल्ट, ३५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सहसा पुरतो.

मायक्रोस्टेपिंगबद्दल, म्हणजे एका पायरीचे आणखी भाग पाडण्याबद्दल, फार गैरसमज आहे. ८ भाग केले की फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे आपल्या स्क्रूवर मिलिमीटरला ३२०. जीआरबीएल या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हाच आकडा भरावा. ३२ भाग केल्याने अचूकता चौपट होत नाही, कारण त्या एका सूक्ष्म पायरीमागे होल्डिंग टॉर्कचा जेमतेम ५ टक्के जोर असतो आणि तो घर्षणातच विरून जातो. शिवाय आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देते. मिनिटाला ६०० फेऱ्यांना ८ भागांत १६,००० पल्स लागतात, १६ भागांत ३२,०००. म्हणून ८ वर थांबणे शहाणपणाचे आहे.

वायरिंगमधला सर्वांत महाग पडणारा नियम असा: ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये. कॉइलमधील साठलेली ऊर्जा ठिणगीच्या रूपाने बाहेर पडते आणि ड्रायव्हर जळतो. हलणाऱ्या भागासाठी बारीक तारांची, ०.७५ चौरस मिलिमीटरची शील्डेड केबल घ्यावी आणि शील्ड फक्त ड्रायव्हरच्या बाजूला अर्थ करावी. व्हीएफडीकडून (वेग बदलणाऱ्या उपकरणाकडून) हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलला जाणारी केबल तिच्यापासून दूर ठेवावी. खानापूर भागातल्या लांबलचक पावसाळ्यात उघडी तांब्याची टोके काळी पडतात आणि सांधे सैल होतात, म्हणून प्रत्येक टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबूनच टर्मिनलमध्ये घालावे. आणखी एक गोष्ट इथल्या वीजखंडितीमुळे सांगितली पाहिजे. बॉल स्क्रू इतका सहज फिरतो की वीज जाताच झेड (उभ्या) अक्षावरचा जड स्पिंडल आपोआप खाली उतरून कामात घुसू शकतो, त्यामुळे त्या अक्षावर ब्रेक असलेली मोटर किंवा साधा ट्रॅपेझॉइडल लीड स्क्रू वापरावा.

इतके करूनही कधी माप चुकते, आणि पॅटर्नमध्ये चूक राहिली तर ती त्यावरून ओतलेल्या प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरते. अशा वेळी डायल गेज लावून यंत्र पुढे-मागे धाववावे आणि मूळ जागी आणून फरक मोजावा. रोटर घसरतो तेव्हा तो पूर्ण दात्यांनीच घसरतो आणि एक दाता म्हणजे आपल्या ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर नेमका ०.१ मिलिमीटर. फरक ०.१, ०.२, ०.३ अशा पटीत येत असेल तर मोटरला त्या वेगाला टॉर्क कमी पडतो आहे. प्रवेग किंवा वेग उतरवावा, अथवा सप्लायचे व्होल्टेज तपासावे. फरक ०.१ च्या पटीत न बसणारा कोणताही आकडा असेल तर आधी कपलिंगचे स्क्रू आवळून पाहावेत, आणि ते घट्ट निघाले तर पल्सच्या वायरमध्ये स्पिंडलचा विद्युत गोंगाट शिरतो आहे का, हे स्पिंडल बंद ठेवून तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर कळते.