दरबारातलं दत्तक, घरातली कुजबूज: कोल्हापूरची पार्श्वभूमी

दत्तक मुलांच्या आत्मसन्मानाचा विषय निघाला की कोल्हापूरकरांना उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या राजाच्या नावानं हे शहर ओळखलं जातं, तो राजा दत्तक होता. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा थोरला मुलगा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. तेव्हा त्याचं दहावं वर्ष सरत आलं होतं. ही गोष्ट कुणी लपवली नाही. शाळेच्या पुस्तकात ती आहे, जयंतीच्या भाषणांत आहे, आणि त्यामुळे शाहू महाराजांची उंची तसूभरही कमी झाली असं कुणाच्या मनात येत नाही.

याच शहरात, याच पेठांमध्ये, एखादं जोडपं संस्थेतून बाळ घरी आणतं तेव्हा शेजारीण आवाज खाली आणून विचारते, "त्याला सांगितलंय का हो?" भर दरबारात होणारी गोष्ट कुजबुजीत कशी गेली, हे समजल्याशिवाय आजच्या मुलांना काय हवं आहे ते नीट कळणार नाही, असं मला वाटतं.

राजघराण्यातलं दत्तक उघड होतं, कारण ते उघड असणं भाग होतं. १८४८ साली सातारच्या छत्रपतींनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीनं मानला नाही आणि शेजारचं राज्य खालसा झालं. पुढे झाशी आणि नागपूरचंही तेच झालं. १८५७ नंतर इंग्रजांनी धोरण बदललं आणि संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या. तरी ज्याला साक्षीदार नाहीत असं दत्तक केव्हाही उलटू शकतं, ही धास्ती मनात बसली ती बसलीच. म्हणून विधी चारचौघांत व्हायचा. जन्मदात्यानं मूल हातानं द्यायचं, घेणाऱ्यानं हातानं घ्यायचं, मांडीवर बसवायचं, होम करायचा, साखर वाटायची. देणं-घेणं प्रत्यक्ष झाल्याशिवाय दत्तक पुरं होत नसे. या सगळ्यात मुलाच्या मनाचा विचार फारसा नव्हता. विचार गादीचा होता, पिंडदानाचा होता, वतनाचा होता. मुलाला नवं नाव मिळायचं आणि जुनं जायचं. त्या काळाला आपण आज उगाच सोनेरी मुलामा देऊ नये.

याच घराण्यातल्या दोन मुलांची आयुष्यं शेजारी ठेवून पाहिली की बरंच काही दिसतं. शाहूंच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज, तेही दत्तकच. १८७१ साली लहान वयात ते गादीवर आले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली वाढले, त्यांना वेडे ठरवलं गेलं आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असताना, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या हालांवर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. एका एकाकी मुलासाठी महाराष्ट्र हळहळला, पण त्या मुलाजवळ आपलं म्हणावं असं माणूस कुणी राहू दिलं नव्हतं.

त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत शाहू दत्तक आले. विधी तोच, वाडा तोच, इंग्रजांचा पहाराही तोच. फरक होता तो भोवतीच्या माणसांत. त्यांचे जन्मदाते वडील आबासाहेब घाटगे कोल्हापूरच्या कारभारात रीजंट, म्हणजे राजाच्या वतीनं राज्य चालवणारे, होते, १८८६ साली वारले तोपर्यंत ते नजरेसमोर होते. आई राधाबाई मुलाच्या तिसऱ्या वर्षीच गेल्या होत्या. पण धाकटे भाऊ बापूसाहेब घाटगे राजकोटच्या कॉलेजात आणि पुढे धारवाडला शाहूंच्या बरोबर शिकले. दत्तक गेलेल्या मुलाचा भाऊ भाऊच राहिला. कागलचं घर बंद झालं नाही आणि कोल्हापूरचं घरही त्यामुळे परकं झालं नाही. आज जगभरचे अभ्यासक जन्मघराशी धागा राखण्याबद्दल जे सांगतात, ते इथे कुणी ठरवून केलं नव्हतं, परिस्थितीनं घडलं होतं. शाहू महाराजांच्या कर्तृत्वाचं श्रेय मी याला देणार नाही, ते त्यांचं स्वतःचं आहे. पण त्या एकटेपणातून हा मुलगा वाचला, हे मात्र नक्की.

साध्या घरांमध्ये दत्तक म्हणजे बहुधा भावाचा मुलगा. शेती भावकीबाहेर जाऊ नये हा हेतू. तिथेही लपवालपवी नव्हती. मूल जन्मदात्या आईला काकू म्हणायचं आणि सगळ्या गावाला ते ठाऊक असायचं. भांडणं व्हायची ती सातबाऱ्यावरून. दत्तकपत्र खरं की खोटं, यावर भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी चढत राहिले. "दत्तक आहे, त्याचा काय हक्क" हा टोमणा मूळचा या जमिनीच्या भांडणातला आहे. जमीन नसलेल्या घरातल्या पोरालाही तो पुढे ऐकावा लागला.

आता मुख्य मुद्दा. जुन्या हिंदू कायद्यात मूल द्यायचा अधिकार फक्त आईबापांचा होता. आईबाप नसलेलं मूल देणार कोण? म्हणजे ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्या अनाथाला दत्तक जाताच येत नव्हतं. मुलीलाही नाही, कारण वंश मुलानं चालायचा. एवढा मोठा विधी, एवढी शास्त्रं, आणि उघड्यावर पडलेल्या मुलाला त्यात जागा नाही.

ती जागा करायला सुरुवात झाली ती वेगळ्याच लोकांकडून. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे निर्धास्तपणे बाळंत व्हावं आणि हवं तर मूल ठेवून जावं, ही सोय. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल फुले दांपत्यानं आपलं मानलं. त्याचं नाव यशवंत. भाऊबंदांचा विरोध पत्करून जोतीरावांनी मृत्युपत्रात त्याच्या हक्काची तजवीज केली. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आईबरोबर रोग्यांची सेवा केली, त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. त्याचा जन्म कुठे, कुणाच्या पोटी, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. त्या घरानं ते झाकलं नाही. पंढरपुरात १८७५ पासून बालकाश्रम उभा राहिला, वारीच्या गावात टाकून दिलेल्या मुलांना तिथे आसरा मिळाला.

कोल्हापुरात जोतीरावांच्या सत्यशोधक विचाराला शाहू महाराजांनी आधार दिला. १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, १९२० साली अनौरस संतती आणि देवाला सोडलेल्या जोगतिणींसंबंधीचा. जन्मावरून मुलाला शिक्षा नको, हा विचार कायद्याच्या कागदावर उतरला. १९०१ च्या मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली वसतिगृहंही मला याच धाग्यातली वाटतात. घरापासून लांब आलेलं पोर आपल्यासारख्या पोरांत राहिलं की मान वर करून चालायला शिकतं, हे या शहरानं तेव्हा पाहिलं आहे.

मग कुजबूज आली कुठून? माझ्या मते कायदा सुधारला त्याच टप्प्यावर. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं मुलीही दत्तक घेता येऊ लागल्या, आणि १९६२ च्या दुरुस्तीनं आईबाप ठाऊक नसलेल्या मुलांचा मार्ग मोकळा झाला. आता दत्तक मूल भावकीतलं राहिलं नाही, संस्थेतून येऊ लागलं. त्याच्यामागे बहुतेकदा एखाद्या कुमारिकेची किंवा विधवेची न सांगता येणारी कहाणी असायची आणि पुढे मूल होत नाही म्हणून टोमणे खाणारं जोडपं. दोन्हीकडे लाज. मग घर बदलायचं, गाव बदलायचं, काही बायका तर माहेरी जाऊन "बाळंत होऊन" यायच्या. आपल्या रंगाचं, आपल्या चेहऱ्याचं बाळ मागायचे लोक. आईबापांनी हे प्रेमापोटी केलं, यात शंका नाही. मात्र लपवलेली गोष्ट पोराला लग्नघरातल्या एखाद्या लांबच्या आत्याकडून कळायची, आणि मग दत्तक असण्यापेक्षा आपल्याच माणसांनी एवढी वर्षं खोटं सांगितलं, हे जास्त लागायचं.

पुढचे कायदे थोडक्यात सांगते. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाला शिस्त लावली. १९९० साली केंद्रीय दत्तक यंत्रणा आली. बाल न्याय कायद्यानं धर्माची अट काढली. २०१५ पासून देशभराची एकच ऑनलाइन यादी आहे, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. कोल्हापुरात बालकल्याण संकुलासारख्या संस्थेतून बाळं घरी गेली, अजूनही जातात. देशात आज मुलांपेक्षा मुली जास्त दत्तक घेतल्या जातात. जुन्या शास्त्रानं दार बंद केलेल्या मुली!

मुलांच्या मनाचा अभ्यास सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कर्क स्वतः दत्तक पालक होते. १९६० च्या दशकात त्यांनी मांडलं की आपलं घर वेगळ्या रीतीनं बनलंय हे मान्य करणाऱ्या घरात मूल मोकळं बोलतं, वेगळेपण नाकारणाऱ्या घरात गप्प होतं. अमेरिकेतल्या डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी दाखवलं की चार-पाच वर्षांचं मूल "मी दत्तक आहे" हे गाण्यासारखं म्हणतं, पण अर्थ त्याला सात-आठच्या पुढे उलगडतो. मला कुणी घेतलं, म्हणजे आधी कुणी दिलंही, हे तेव्हा ध्यानात येतं. आईबापांना वाटतं, एवढं हसतं-खेळतं पोर अचानक का मिटलं? पोराचं काही बिघडलेलं नसतं, त्याची समज वाढलेली असते. आणि २००७ साली नेदरलँड्सच्या युफर आणि व्हान आयझेंडोर्न यांनी ८८ अभ्यास एकत्र तपासले. त्यात दहा हजारांवर दत्तक मुलं होती. इतर मुलांच्या तुलनेत त्यांचा आत्मसन्मान कमी आढळला नाही. हा निष्कर्ष प्रत्येक दत्तक पालकाला माहीत असायला हवा. दत्तक असण्यानं पोराची मान खाली जात नाही.

अडचण होते ती छोट्या जागी. तिसरी-चौथीत वंशवृक्ष काढून आणायला सांगतात. "जन्मल्यावरचा फोटो आणा" म्हणतात. बाई चांगल्या असतात, त्यांच्या डोक्यात नसतं इतकंच. कुंभार गल्लीतून आणलेल्या शाडूवर मुलं काम करत होती, तेव्हा मी एका नऊ वर्षांच्या मुलीला पाहिलं. सगळ्यांना घर करायला सांगितलं होतं. तिनं घर केलं, त्याला दोन दारं केली. एक पुढे, एक मागे. मागच्या दारासमोर बोटानं वाट ओढली आणि ती पाटाच्या कडेपर्यंत नेऊन सोडून दिली. शेजारच्या मुलानं विचारलं, "ही कुठं जाते गं?" ती म्हणाली, "मला म्हाईत न्हाई, पण हाय." तोही तिच्यासारखाच दत्तक होता. त्यानं मान हलवली आणि स्वतःच्या घराला मागचं दार पाडायला घेतलं. पुढे दोघं खिडक्यांवरून भांडत बसली.

त्या अर्ध्या तासात जे झालं, ते घरात आईबापांना शंभर वेळा समजावूनही साधत नाही. आईबाप "तू आमचीच" म्हणतात आणि ते खरंच असतं. तरी आपल्यासारखंच दुसरं कुणी आहे, हे कळायला दुसरं कुणीतरी समोर असावं लागतं. शब्दांत न मावणारी गोष्ट हातातून येते, मातीतून, रंगातून, नाटकातल्या सोंगातून. सुरुवातीची पानं हरवलेल्या मुलांसाठी परदेशात आणि आता आपल्याकडेही जीवनवही करतात. शिशुगृहातल्या मावशीनं ठेवलेलं पहिलं नाव, पहिलं झबलं, घरी आल्याच्या दिवसाचा फोटो, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठी कोरं पान. कोरं पान फाडायचं नाही. मूल त्यावर पुढे स्वतः काहीतरी काढतं.

कोल्हापूरला हे अवघड जाऊ नये. इथे माणसाची ओळख तालमीवरून, पेठेवरून होते. "कुठल्या तालमीचा?" हा प्रश्न आधी येतो. कलेचा वारसा तर रक्ताबाहेरच जास्त गेला. शाहू महाराजांच्या दरबारी आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून महाराष्ट्रात पसरली, नातं गंडाबंधनाचं, गुरू-शिष्याचं. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांची माणसं म्हणूनच ओळखली गेली. दत्तक मुलांच्या कुटुंबांनी वर्षातून काही वेळा एकत्र यावं, पोरांना रंग-माती द्यावी, मोठ्या झालेल्या दत्तक तरुणांनी धाकट्यांना शिकवायला यावं, याला कुठल्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

सोळा-सतराच्या पुढे प्रश्न बदलतात. पुढे लग्नाच्या बैठकीत कुळी-देवक विचारलं जातं, "मूळ कुठलं?" विचारलं जातं. तोवर ज्या तरुणानं आपली गोष्ट चार माणसांत कधी सांगितलेली नसते, तो तिथे गांगरतो. ज्यानं सांगितलेली असते, तो सरळ उत्तर देतो आणि समोरच्याला विचार करायला लावतो. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुळाचा शोध घ्यायला स्वतः अर्ज करण्याचा हक्क आता नियमात आहे. त्याआधी आईबापांच्या बरोबरीनं करता येतो. मूल सोडून देताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते उघड होत नाही, कारण हक्क तिलाही आहे. काही जण अर्ज करतात, काही करत नाहीत. काही जण संस्थेत जाऊन आपल्याला सांभाळलेल्या मावशीला भेटून येतात आणि तेवढ्यावर थांबतात. अर्ज करताना आई किंवा बाबा शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील तर बरं, एवढंच त्यांच्यापैकी बहुतेकांचं म्हणणं असतं.