स्वस्त विजेचा भार कोणावर? महाराष्ट्रातील वीजदर धोरणाची पार्श्वभूमी

जून 2025 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणच्या दरांबाबत सुधारित आदेश दिला आणि 5 वर्षांत घरगुती वीज टप्प्याटप्प्याने 26 टक्क्यांपर्यंत स्वस्त होईल, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. या घोषणेचे मोल जोखायचे, तर राज्यात आजवर वीज स्वस्त कशी केली गेली, हे आधी पाहावे लागते.

1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळातच शेतीपंपांना खर्चापेक्षा कमी दराने वीज द्यायची आणि तूट उद्योग व व्यापारी ग्राहकांकडून भरून काढायची, ही घडी बसली. हीच क्रॉस सबसिडी. कारखानदारांच्या महाग विजेविषयीच्या तक्रारीचे एक जुने मूळ येथे आहे. त्यात अमेरिकी कंपनी एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाची महाग वीज आली. 2001 मध्ये मंडळाने तिची खरेदीच थांबवली.

1999 मध्ये नियामक आयोग आला, तेव्हा दर ठरवणे निदान कागदोपत्री तरी मंत्रालयाच्या हातून सुटले. 2003 च्या विद्युत कायद्याचे कलम 65 याहून महत्त्वाचे आहे. आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल, तर सरकारने फरकाची रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यावी, असे ते सांगते. सवलतीची किंमत त्यामुळे अर्थसंकल्पात दिसू लागली. तरीही 2004 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झालीच, आणि पुढच्याच वर्षी ती बंद करावी लागली. त्याच 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, पण भारनियमनाने हैराण झालेल्या ग्राहकाला तेव्हा दरापेक्षा वीज मिळण्याचीच चिंता अधिक होती.

2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वेगळी ठरते, कारण तिचा रोख भार दुसऱ्यावर टाकण्यापेक्षा मूळ खर्च घटवण्यावर आहे. शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीजवळच, म्हणजे फीडरजवळच, सुमारे 3 रुपये युनिट दराने सौरवीज मिळाली आणि ती दिवसा पुरवली, तर क्रॉस सबसिडीचे ओझे हलके होते. दुसऱ्या टप्प्यात 16,000 मेगावॉटचे लक्ष्य याच हिशेबावर ठेवले गेले. मात्र 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 5 वर्षे मोफत वीज देणारी बळीराजा योजनाही आली. तिच्यासाठी सरकारने वर्षाला 14,760 कोटी रुपयांची तरतूद धरली आहे, आणि हा पैसा वीजबिलातून नव्हे, तर राज्याच्या तिजोरीतून महावितरणकडे वेळेवर पोहोचावा लागतो.