खोलीतला उजेड कोथिंबिरीला का पुरत नाही

फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला कुंडी ठेवून कोथिंबीर लावणारे बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून नाद सोडतात. धणे उगवतात, पण रोपं फिकट आणि लुळी, नुसतीच उंच; पाणी घातलं की आडवी पडतात. मग खत वाढवतात, पाणी वाढवतात. खरी कमतरता बहुतेक वेळा उजेडाची असते.

भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. खिडकीपासून चार पावलं आत, आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत तो जेमतेम काहीशे लक्स उरतो. आपल्या डोळ्यातली बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जुळवून घेतो, त्यामुळे ही शेकडो पटींची घट आपल्याला जाणवतच नाही. पानाला अशी सोय नाही. जितका प्रकाश पडेल तितकीच साखर बनते, आणि जगण्यासाठी लागणारी साखर मात्र रात्रंदिवस खर्च होत राहते.

अंधारात सापडलेलं रोप मग एकच मार्ग धरतं: पानं आणि मुळं मागे ठेवून खोड लांबवायचं, वर कुठे तरी प्रकाश मिळेल म्हणून. यामागे ऑक्सिन नावाचं संप्रेरक आहे. उजेड एकाच बाजूने येत असेल, तर ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी अधिक लांब होतात आणि रोप खिडकीकडे झुकतं. ऑक्सिनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८८० मध्ये, चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबाचं टोक झाकून पाहिलं होतं. झाकलेला कोंब वळला नाही. प्रकाश जाणवतो टोकाला आणि वाक येतो खाली, हे त्यातून दिसलं. इतका साधा आणि इतका सुंदर प्रयोग शाळेत प्रत्येकाला करायला मिळायला हवा.

खिडकी कोणत्या दिशेची आहे, याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्याच खिडकीत दुपारी उन्हाची तिरीपही येत नाही. हिवाळ्यात छान वाढलेली कोथिंबीर त्याच जागी मे महिन्यात रुसते, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे उष्णता आणि मोठा दिवस: दोन्हींमुळे ती पानं सोडून लवकर फुलावर येते. कोथिंबीर घरात लावायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा.

खिडकीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते. जांभळा दिवाच हवा असं नाही. पांढऱ्या प्रकाशात झाडाला लागणारा निळा आणि तांबडा भाग असतोच. अंतर मात्र कमी हवं: छताला लावलेली ट्यूब उपयोगाची नाही, रोपांच्या वर वीतभर अंतरावर हवी आणि रोज दहा-बारा तास चालू.

पेरताना धणे हलके रगडून दोन फाका कराव्यात. प्रत्येक फाकेत एक बी असतं. मूळ सरळ खाली जाणारं असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते दुखावतं. जिथे वाढवायचं त्याच कुंडीत पेरावं. पाण्याचं म्हणाल तर मातीत बोट खुपसून वरचा थर कोरडा लागला तरच द्यावं. मुळांनाही हवा लागते आणि कमी उजेडातल्या कुंडीतलं पाणी हळू आटतं.

धीर कमी असेल त्यांनी पुदिना लावावा. जुडीतली जाडसर काडी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या सांध्याच्या, खालून कापून पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत पेराजवळून मुळं फुटतात. शेंडा खुडला की खालचे डोळे, म्हणजे फांद्यांचे कोंब, फुटून झाड दाट होतं, कारण शेंड्यातून उतरणारं ऑक्सिनच त्यांना दाबून ठेवत असतं.

कोथिंबीर फुलावर आली तरी उपटू नये. कोवळ्या हिरव्या धण्यांना पानासारखाच वास असतो, कारण त्यांतही पानांतली अल्डिहाइडं, म्हणजे तो वास देणारी रसायनं, असतात. पिकताना ती घटतात आणि लिनालूल हे दुसरं सुगंधी द्रव्य वाढून सुक्या धण्यांचा गोडसर वास येतो. हिरवे असतानाच खुडून चटणीत वाटून पाहा.